भिंती बुजवण्याआधी

राहत्या घराचं काम काढायचं ठरलं तेव्हा आमच्याकडे चर्चा होती ती रंगांची, फरशीची, ओट्याच्या दगडाची आणि कपाटांच्या मुठींची. या सगळ्या दिसणाऱ्या गोष्टी. त्या बिघडल्या तर लगेच लक्षात येतात आणि थोडी आरडाओरड केली की बदलूनही मिळतात. पाइपची जोडणी, भिंतीतली वायर, फरशीखालचा वॉटरप्रूफिंगचा थर यांचं तसं नसतं. एकदा बुजवल्यावर त्यांची खबर मिळते ती थेट ओल आल्यावर, आणि तोवर ठेकेदार दुसऱ्या साइटवर रमलेला असतो. म्हणून कामाआधीच मी ठेकेदाराला सांगून ठेवलं होतं, की जे काही झाकलं जाणार आहे ते मी बघितल्याशिवाय झाकायचं नाही, आणि पैशांचे हप्तेही त्याच टप्प्यांना बांधायचे. नवऱ्याला हे जरा जास्तच कडक वाटलं होतं. ठेकेदाराला तर फारच.

पण ठेकेदार ठरेपर्यंतच बरंच पाणी पुलाखालून गेलं. तिघांकडून दर मागवले आणि तिन्ही कागद शेजारी ठेवल्यावर समजलं, की तुलना करायला त्यांच्यात समान असं काहीच नाही. एकाने अख्ख्या घराचा चौरस फुटाचा एकच दर दिला होता, ‘सगळं धरून’. दुसऱ्याने फक्त मजुरी लावली होती, माल आमचा. तिसऱ्याचा कागद लांबलचक, पण त्यात ‘बाथरूम नवीन करणे, 2 नग’ अशी एक ओळ होती आणि त्या ओळीच्या पोटात काय काय आहे हे त्याचं त्याला ठाऊक.

मग मीच यादी करायला बसले. तोडफोड वेगळी. डेब्रिज, म्हणजे तोडफोडीचा राडारोडा, गोण्यांत भरून खाली नेणं वेगळं आणि ते गाडीने टाकून येणं आणखी वेगळं. वॉटरप्रूफिंग कुठल्या पद्धतीचं आणि भिंतीवर किती उंचीपर्यंत. गिलाव्याची जाडी. फरशी बसवण्याची मजुरी, स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायथ्याची पट्टी, रनिंग फुटावर, खिडक्यांच्या कडांचा दगड, इलेक्ट्रिकचे पॉइंट मोजून. प्रत्येक ओळीपुढे एकक, माल कोणी आणायचा आणि कुठल्या प्रतीचा. दराचा रकाना कोरा ठेवून तीच यादी तिघांना पाठवली. एकाने ‘मॅडम, एवढं लिहीत बसलो तर काम कधी करू’ म्हणून नाद सोडला. उरलेल्या दोघांच्या रकमा ओळीओळीने लावून बघितल्यावर जवळजवळ सारख्या निघाल्या. आधी स्वस्त वाटलेल्या कागदात डेब्रिज, स्कर्टिंग आणि खिडक्यांच्या कडा धरलेल्याच नव्हत्या. नंतर ‘एक्स्ट्रा’ म्हणून येणार होत्या, एवढंच.

दोघांनाही मी म्हटलं, दोन-तीन वर्षांपूर्वीचं काम दाखवा. नुकतं संपलेलं काम सगळ्यांचंच चकचकीत दिसतं. एकाने आज-उद्या करत टाळलं. दुसरा घेऊन गेला. तिथे मी दिवाणखान्यात फार वेळ घालवला नाही. बाथरूमच्या दाराच्या चौकटीचा खालचा वीतभर भाग बघितला, बेसिनखालच्या कपाटाचं दार उघडून आत वास घेतला. पाणी मुरत असेल तर चौकट आधी फुगते आणि कपाटाला कुबट वास येतो. दोन्ही ठीक होतं. निघताना त्या घरातल्या बाईंना विचारलं, माणूस कसा आहे? त्या म्हणाल्या, “उशीर करतो, पण फोन उचलतो.” मला एवढं प्रमाणपत्र पुरेसं वाटलं.

पैशांचं ठरवताना ताणाताणी झाली. त्याची नेहमीची पद्धत म्हणजे निम्मे आधी, बरेचसे मध्यात आणि उरलेले किल्ली देताना. मी त्याला टप्पे लिहून दिले. पाइप आणि वायरी तपासून झाल्या की एक हप्ता, बाथरूममध्ये पाणी साठवून बघितलं की दुसरा, फरशी वाजवून बघितली की तिसरा, पुढे सुतारकाम आणि रंग. एकूण रकमेतले 10 टक्के काम संपल्यावर काही महिने माझ्याकडे राहणार. यावर तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, “तपासून झालं की पैसे कधी?” मी म्हटलं, त्याच दिवशी. तिथे सौदा जमला.

या धंद्यात एका साइटची उचल दुसऱ्या साइटच्या मजुरीला जाते, हे काही गुपित नाही. मजुरांना आठवड्याच्या आठवड्याला पैसे द्यावे लागतात, गिऱ्हाईक सवडीने देतं, आणि मधली फट ठेकेदाराला कुठून तरी भरायची असते. आपण फार पुढे जाऊन पैसे दिले, की आपल्या साइटवरची माणसं हळूहळू कमी व्हायला लागतात. झालेल्या टप्प्याचे पैसे अडवून धरले, तरी माणसं कमीच होतात. गिऱ्हाइकं पहिल्या गोष्टीवर तावातावाने बोलतात आणि दुसरीवर कधीच बोलत नाहीत. आम्ही दोन्ही टाळायचं ठरवलं. त्याचा परिणाम असा झाला, की काही दिवसांनी ‘मॅडम, बघायला कधी येताय?’ असा फोन ठेकेदारच करायला लागला. तपासणी हे त्याच्या दृष्टीने पैसे मिळायचं दार झालं होतं.

तोडफोडीत एकच वाद झाला, पण तो मोठा. स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामधली भिंत काढायची होती. ठेकेदार म्हणाला, साडेचार इंची भिंत आहे, काही होत नाही. भिंतीची जाडी बघून ती वजन पेलते की नाही हे ठरवणं मला पटत नव्हतं. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावलं. त्याने इमारतीचे नकाशे मागवले, वरच्या आणि खालच्या मजल्यावर त्याच जागी काय आहे ते जाऊन बघितलं, छताच्या बाजूला थोडा गिलावा खरवडून बीम कुठून कुठे जातो ते पाहिलं, आणि भिंत काढायला हरकत नाही असं लेखी दिलं. त्याच भिंतीच्या टोकाला असलेला खांब मात्र दोन इंच तासून ‘सरळ’ करायची कल्पना त्याने जागच्या जागी मोडीत काढली. सिमेंटच्या आत सळई असते आणि तिच्यावरचं आवरण तिला गंजण्यापासून वाचवतं. ते तासलं की सळईला हवा-पाणी लागतं. खांब आहे तसा राहिला. आमच्या कपाटाला तिथे एक खाच आहे. असू दे.

वायरिंगच्या आधी मी खडू घेऊन घरभर फिरले. पलंग कुठे, टेबल कुठे, दार कुठल्या बाजूला उघडणार, मिक्सर कुठे ठेवणार हे भिंतींवर आणि जमिनीवर आखलं. वायरमन हसत होता, पण नंतर त्यानेच सांगितलं, की सगळ्यात जास्त फोडाफोड होते ती दाराच्या पल्ल्यामागे लपलेल्या बटणांमुळे. थ्रीडी चित्रांत बटणं कधीच दिसत नाहीत. ती चित्रं काढणाऱ्यांना बहुधा अंधारात राहायची सवय असावी.

वायरीचं गणित मी त्याच्याकडूनच समजून घेतलं. दिव्या-पंख्यांना दीड चौरस मिलिमीटरची, साध्या प्लगला अडीचची, एसी आणि गीझरला चारची आणि प्रत्येकाची स्वतंत्र लाइन थेट बोर्डापर्यंत. बोर्डात 30 मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी, म्हणजे करंट कुठे गळाला तर वीज तोडणारा स्विच. वायर वेष्टनातून बाहेर काढण्याआधी तिच्यावर छापलेला आकार वाचायचा, कारण भिंतीत गेल्यावर दीड आणि अडीच सारखीच. झिऱ्या, म्हणजे वायरी-पाइपांसाठी भिंतीत खोदायच्या खाचा, मारताना त्याला एका ठिकाणी भिंतीत लांबच लांब आडवी झिरी न्यायची होती, पाइप वाचत होता म्हणून. आडव्या लांब झिरीने भिंत कमकुवत होते. त्यापेक्षा वरून खाली उभ्या झिऱ्या, पाइप थोडा जास्त लागला तरी चालेल, असं ठरलं. आणि झिऱ्या बुजवताना त्यांच्यावर जाळी मारून मगच गिलावा. तशीच जाळी वीटकाम आणि काँक्रीट जिथे भेटतात त्या उभ्या सांध्यावरही. ही जाळी नसली की रंग लावल्यावर वर्षभरात बरोबर त्याच रेषेत चीर येते आणि मग सगळे रंगाऱ्याला नावं ठेवतात.

बुजवायच्या आदल्या संध्याकाळी मी प्रत्येक भिंतीचे फोटो काढले. नुसते फोटो नव्हेत; भिंतीला टेप लावून, कोपऱ्यापासून आणि जमिनीपासूनचं अंतर दिसेल असे. बाथरूमच्या भिंतींचे तर चारही बाजूंनी. हे फोटो पुढे किती कामाला आले हे सांगायला बसले तर लेख वेगळीकडेच जाईल. आरसा लावायला आलेल्या मुलाने ड्रिल चालू करायच्या आधी मी त्याला फोन दाखवला, आणि त्याने खूण चार इंच उजवीकडे घेतली.

पाण्याच्या पाइपांची चाचणी सोपी असते, फक्त ती मागावी लागते. सगळी तोंडं बंद करायची, हातपंपाने लाइनमध्ये नेहमीपेक्षा दीडपट दाब भरायचा आणि मीटरचा काटा बघायचा. जोडाचं सोल्युशन वाळायला वेळ द्यावा लागतो, त्यामुळे जोडल्याजोडल्या दाब भरून ‘बघा, गळत नाही’ म्हणण्यात अर्थ नसतो. आम्ही दुसऱ्या दिवशी दाब भरला, काट्यावर पेनने खूण केली आणि रात्रभर तसाच ठेवला. सकाळी काटा जागेवर होता. त्या दिवशीच गवंड्याला झिऱ्या बुजवायला सांगितलं आणि हप्ता दिला.

आता बाथरूम. खरं तर या सगळ्या लेखाचं निम्मं वजन तिथेच आहे.

जुनी फरशी आणि तिच्याखालचं भरण काढलं तेव्हा विटांचे तुकडे हाताला ओले लागले. वर्षानुवर्षं पाणी झिरपून तिथे साठत होतं आणि खालच्यांच्या छतावर अधूनमधून उमटणारा डाग त्याचाच होता. स्लॅब उघडा पडल्यावर तो घासून, धुऊन, वाळू दिला. हे वाळू देणं कुणालाच नको असतं, कारण तेवढे दिवस कामगार रिकामे. ठेकेदाराने ब्लोअर लावून एका दिवसात उरकायचं सुचवलं. वरून कोरडं आणि आतून ओलं अशा स्लॅबवर वॉटरप्रूफिंगच्या केमिकलचा थर नीट धरत नाही, हे त्याच्या माणसालाच माहीत होतं. तो मान खाली घालून हसला. थांबलो.

मग पाइप स्लॅबमधून जातात त्या भोवतालच्या फटी आकुंचन न पावणाऱ्या ग्राउटने, म्हणजे फटी भरायच्या सिमेंटच्या मालाने, भरल्या. भिंत आणि जमीन मिळते तिथला काटकोन सिमेंटने भरून गोलाई काढली, म्हणजे थर तिथे दुमडून तडकत नाही. कोपऱ्यांत फायबरची जाळी चिकटवली आणि ब्रशने केमिकलचे दोन हात दिले, पहिला उभा, दुसरा आडवा. भिंतींवर सगळीकडे फूटभर आणि शॉवरच्या बाजूला सहा फुटांपर्यंत.

थर पक्का झाल्यावर ट्रॅपचं, म्हणजे पाणी वाहून जायच्या भोकाचं, तोंड बंद करून जमिनीवर दोन इंच पाणी साठवलं. किमान 24 तास ठेवतात. आम्ही 48 तासांचं ठरवलं होतं. इथे साइटवरच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी एक गोष्ट केली, जी मला कुठल्याच कागदात सापडली नव्हती. भिंतीवर पाण्याच्या पातळीची पेन्सिलने रेघ मारली आणि शेजारी पाण्याची एक बादली ठेवून तिच्या आतल्या बाजूलाही तशीच रेघ मारली. मी विचारलं, काका, ही कशाला? ते म्हणाले, “उद्या कुणी म्हणेल पाणी उडून गेलं. उडालं तर दोन्हीकडचं सारखंच उडेल ना?”

दुसऱ्या दिवशी बादलीतलं पाणी रेघेच्या किंचित खाली होतं. जमिनीवरचं चांगलं बोटभर उतरलं होतं. ठेकेदार आला आणि पहिलं वाक्य तेच बोलला, “उकाडा आहे ना, पाणी उडालं.” काकांनी काही न बोलता बादली त्याच्यासमोर सरकवली.

खालच्या मजल्यावर जाऊन बघितलं तर मोठ्या पाइपच्या भोवती छताला ओलसर गोल उमटायला लागला होता. जमिनीचा थर शाबूत होता. दगा दिला होता तो पाइप आणि स्लॅब यांच्या सांध्याने. प्लास्टिकचा गुळगुळीत पाइप आणि सिमेंट एकमेकांना नीट धरत नाहीत. पाइपचा तेवढा भाग खरखरीत करायचा असतो, तो केलेला नव्हता. पाणी काढलं, सांधा खोदला, पाइप घासून पुन्हा ग्राउट भरलं, वर जाळीसकट थर दिला आणि वाळल्यावर पुन्हा पाणी साठवलं, पुन्हा बादली ठेवली. या वेळी दोन्ही रेघा बरोबरीने उतरल्या. खालच्या काकूंना छत बघायला सांगितलं, त्यांनी शिडीवर मुलाला चढवून हात लावून बघितलं. कोरडं. हे सगळं फरशी लागल्यावर कळलं असतं तर काय झालं असतं, याचा हिशेब ठेकेदारानेच नंतर मला तोंडी करून दाखवला, कारण ते फोडून परत करणं त्याच्याच अंगावर आलं असतं. दुसऱ्या बाथरूमच्या वेळी बादली त्यानेच आणून ठेवली.

थर झाला म्हणजे धोका टळला असं मात्र समजू नये. त्याच्यावर ताबडतोब सिमेंटचा पातळ कोबा टाकून घ्यावा, कारण त्यानंतर तिथे प्लंबर छिन्नी-हातोडा घेऊन वावरतो आणि एक हातोडा पडला तरी थराला भोक पडतं. कमोड बसवताना जमिनीत स्क्रू मारायला खोलवर ड्रिल करतात, तेही असंच. आम्ही ड्रिलला चिकटपट्टी गुंडाळून किती खोल जायचं याची खूण केली होती.

उताराबद्दल एवढंच सांगते, की मीटरला साधारण एक सेंटिमीटर उतार पुरतो. त्याहून कमी असला तर पाणी कोपऱ्यात थांबतं, फार जास्त दिला तर पाय तिरका पडतो. लेव्हलने मोजलं तरी खरी परीक्षा पाण्याचीच. फरश्या बसवून झाल्यावर सांधे भरायच्या आधी पाणी ओतून बघितलं आणि दाराशी थांबणारं एक डबकं सापडलं. माल ओला होता तोवर दोन फरश्या उचलून पुन्हा बसवता आल्या.

फरशीचं काम त्याच काकांकडे होतं आणि ते बघत बसायला मला आवडायचं. खोका फोडला की ते दोन फरश्या तोंडाला तोंड लावून धरायचे आणि उजेडाकडे बघायचे. मधून फट दिसली तर फरशी मध्यावर फुगलेली आहे असा अर्थ. लांबट, लाकडासारख्या दिसणाऱ्या फरश्यांत हा फुगवटा हटकून असतो. डिझाइनच्या चित्रात त्या एकमेकींच्या बरोबर निम्म्यावर सरकवलेल्या होत्या. काकांनी चित्र बघितलं आणि म्हणाले, अशाने एकीचा फुगलेला मध्य दुसरीच्या टोकाशी येणार आणि पायाला कड लागणार. एक तृतीयांश सरकवू. तसंच केलं. चित्रापेक्षा ते बरंही दिसतं.

चिकटवण्यावरून मात्र माझं आणि त्यांचं जमेना. त्यांचा हात वर्षानुवर्षं सिमेंटच्या रगड्यावर बसलेला. पण व्हिट्रिफाइड फरशी पाणी जवळजवळ पीत नाही, अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी, त्यामुळे रगडा तिच्या पाठीला नीट पकडत नाही. ॲडहेसिव्ह, म्हणजे फरशी चिकटवायचा तयार माल, वापरायचं करारातच होतं. काकांची तक्रार अशी, की ॲडहेसिव्ह लवकर ओढतं आणि फरशी हलवायला वेळ देत नाही. दोघांचंही खरं होतं. शेवटी त्यांनी एका वेळी थोडाच माल कालवायला घेतला, दातेरी थापीने एकाच दिशेला ओढला आणि पहिली फरशी बसवून लगेच उचलून मला पाठ दाखवली. सगळीकडे माल लागला होता, कोपऱ्यांतही. त्यानंतर ते स्वतःहूनच अधूनमधून एखादी उचलून बघायचे.

बसवून झाल्यावर आम्ही खोलीखोलीत फिरून प्रत्येक फरशी थापीच्या मुठीने वाजवली. भरीव आवाज आणि पोकळ आवाज यात कानाला फरक लगेच कळतो. पोकळ वाजलेल्यांवर खडूने फुली. कडेची एखादी किंचित वाजली तर काका म्हणाले सोडून द्या, पण जिथे कपाटाचा पाय येणार किंवा येणंजाणं जास्त, तिथल्या काढल्याच. सगळे खोके एकाच बॅचचे आहेत ना हे माल उतरवतानाच बघून घेतलं होतं, आणि तुटफूट धरून दहा टक्के जास्तीच्या मागवल्या होत्या. उरलेला खोका माळ्यावर ठेवला आहे. काही वर्षांनी तीच फरशी मागायला गेलं तर नंबर तोच मिळतो आणि छटा वेगळी निघते.

सुतारकामाबद्दल लोक खूप लिहितात, म्हणून आवरतं घेते. प्लायवूड साइटवर उतरताना प्रत्येक शीटवरचा शिक्का वाचा, फक्त वरच्या शीटवरचा नको. ओट्याखाली आणि बेसिनखाली पाण्याला टिकणारं, बीडब्ल्यूपी प्रतीचं, कोरड्या खोल्यांत कमी प्रतीचं चालतं. सगळीकडे महागडं लावायचा आग्रह धरणारा माणूस कमिशनवर असू शकतो. कापलेल्या कडा चारही बाजूंनी बंद करून घ्या, मागची आणि खालचीही, कारण ओल शिरते ती तिथून. आणि ज्या कपाटात काय ठेवणार हे माहीत आहे, त्या वस्तू मोजून सुताराला आकडा द्या. आमच्या सुताराला इंचांत बोलायची सवय होती आणि मॉड्युलर किचनवाल्याला मिलिमीटरमध्ये. दोघांच्या मध्ये मी टेप घेऊन उभी असायचे.

इथेच सगळ्यात जास्त गोंधळ झाला, आणि तो कुणाच्या कामाच्या दर्जाचा नव्हता. सुतार, पीओपीवाला आणि रंगारी एकाच वेळी घरात होते. एकाची धूळ दुसऱ्याच्या ओल्या पॉलिशवर. प्रत्येकजण ठेकेदाराला फोन करून दुसऱ्याची तक्रार करायचा, आणि ठेकेदार मला फोन करून तिघांची. मग भिंतीवर एक तक्ता चिकटवला, कुठल्या दिवशी कुठल्या खोलीत कोण. व्हॉट्सॲप ग्रुपपेक्षा तो कागद जास्त चालला, कारण मजुरांपैकी निम्मे त्या ग्रुपवर नव्हतेच. फरशीवर प्लास्टिक अंथरून वर पीओपीचा थर टाकला होता म्हणून ती वाचली. तो खर्च नको म्हणून काहीजण नुसती पुठ्ठ्याची खोकी पसरतात. त्याखाली वाळूचा कण शिरला की मजुरांच्या पायांखाली तोच कण फरशीवर ओरखडे काढत बसतो.

रंगाच्या बाबतीत आमच्या बाजूने फक्त संयम लागला. गिलावा आतून वाळला नसेल तर पुट्टी, प्रायमर कितीही चांगले असोत, रंगाला फोड येतात. महिनाभर वाळू द्यावा म्हणतात. शेवटचा हात मात्र फिटिंग, पडद्यांचे पाइप, पंखे सगळं लागून झाल्यावरच द्यायला लावला. ड्रिल मारणारे भिंतीला हात लावल्याशिवाय काम करत नाहीत.

अंतिम बिलात ठेकेदाराने बारीकसारीक बऱ्याच गोष्टी ‘एक्स्ट्रा’ लावल्या होत्या. कामाच्या मध्यात जे जे बदललं ते मी त्याच दिवशी संदेशात लिहून त्याच्याकडून ‘ओके’ घेत होते, दरासकट. त्यामुळे भांडण झालं ते फक्त संदेशात नसलेल्या गोष्टींवर. त्यातल्या काही खऱ्या होत्या. अडगळीच्या खोलीतलं जुनं लोखंडी कपाट त्याच्या माणसांनी खाली नेलं होतं, ते यादीत नव्हतं, दिले. मोजमापात त्याने दारं-खिडक्यांची जागा वजा न करता रंगाचं क्षेत्रफळ धरलं होतं. ते आम्ही दोघांनी टेप धरून परत मोजलं. त्याचं म्हणणं, लहान खिडक्या वजा करत नाहीत, कारण त्यांच्या कडा रंगवायला तेवढाच वेळ जातो. करारात याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. शेवटी लहान खिडक्या धरल्या, दारं आणि मोठी खिडकी वजा केली.

राखून ठेवलेले 10 टक्के ऋतू बदलल्यावर दिले. हवा दमट झाली तेव्हा बेडरूमचं दार चौकटीत घासायला लागलं आणि पॅसेजमधली एक फरशी पोकळ वाजायला लागली. फोन केला. दोनदा ‘येतो’ म्हणून आला नाही, तिसऱ्यांदा सुताराला आणि काकांना घेऊन आला. दाराची वरची कड रंध्याने तासली आणि उघड्या पडलेल्या लाकडाला लगेच रंग दिला, म्हणजे पुन्हा ओल पिणार नाही. काकांनी माळ्यावरच्या खोक्यातली फरशी काढून बसवली आणि उरलेल्या मोजून परत खोक्यात ठेवल्या. त्यांची थापी धुऊन होईपर्यंत मी ठेकेदाराला पैसे पाठवले होते.